ब्रारच्या नावाचा लाल लखोटा

धुक्यातून तो माणूस माझ्याकडे चालत आला, तेव्हा मी त्याला कोळंबीच्या जाळ्याचा दांडा हाणला. आमच्या प्रेमाची सुरुवात ही अशी. तुम्हा पोरींना फुलंबिलं लागतात, ते तुमचं तुम्ही बघा.

मार्च महिना होता. समुद्र ओहोटीनं लांब गेलेला, आमच्या बेटापासून किनाऱ्यापर्यंत नुसता करडा चिखल. मी ओहळात गुडघाभर पाण्यात जाळं ढकलत होते. धुकं इतकं, की जाळ्याचं दुसरं टोक दिसेना. आणि त्या धुक्यात पावलं वाजली… चपक्, चपक्. सावकाश. थेट माझ्याच दिशेनं.

मला माहीत होतं कोण ते. दोन वर्षांपूर्वी माझ्याशी लग्न ठरलेला ब्रार होडी घेऊन गेला, होडी उलटी सापडली, ब्रार नाही. आमच्याकडे ज्याला कबर मिळत नाही तो घरी परत येतो. त्याला गोंगर म्हणतात. तो बोलत नाही, मारत नाही. नुसता येऊन उभा राहतो, आणि सकाळी तिथं खारं पाणी साचलेलं असतं. ब्रारची अंगठी माझ्या बोटात होती. माझ्याकडे नाही तर कुणाकडे येणार?

तो दिसला. डोक्यापासून ओला, चेहरा चिखलानं पुसून गेलेला. मी हाणला दांडा.

"आई गं!" तो खांदा धरून खाली बसला.

"बोलतोस?" मी म्हणाले.

"ओरडतोय, बाई! मी कचेरीतून आलोय. हार्के माझं नाव."

"कचेरीतली माणसं कोरडी असतात."

"कोरडाच निघालो होतो. मग दोनदा पडलो… आणि आता तुम्ही."

गोंगर एवढं रडगाणं गात नाही. मी जाळं उचललं आणि म्हटलं, "चला. चहा देते. भरती यायच्या आत परत फिरणं आता तुमच्यानं व्हायचं नाही."

तो उठला. पापण्यांवर धुक्याचे थेंब होते. लांब पापण्या… बघायच्या नव्हत्या, पण दिसल्या.

घर आमचं उंच टेकाडावर. त्यात ब्रारची आई मारेट, आणि मी. बेटाची रीतच होती, हरवलेल्या माणसासाठी चर्चची घंटा वाजेपर्यंत त्याची नवरी त्याच्या घरी राहायची, अंगठी काढायची नाही, जेवणाला त्याचं ताट मांडायचं. घंटा कधी वाजवायची ते आईनं सांगायचं. मारेटआई दोन वर्षं सांगत नव्हती. मी बाविसाची होते.

हार्केनं चहात रम घालून घेतली, आणि मेणकापडाच्या पिशवीतून कागद काढला. "मतदानाचे दिवस आलेत. टपालानं मत देण्यासाठी या घरातून एक अर्ज आला. त्याबद्दल आलोय."

"मी नाही पाठवला," मी म्हटलं.

"तुमचा नाही. ब्रार यांचा."

चुलीत काहीतरी तडकलं. मारेटआई विणत होती, तिच्या सुया थांबल्या नाहीत.

"तो बुडाला," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला.

"यादीत नाव आहे. मृत्यूची नोंद नाही. आणि सही…" तो अडखळला. "मी स्वतः ताडून बघितली. त्यांच्या खलाशी दाखल्यावर जी सही आहे, तीच. ब ची शेपटी तशीच वर वळलेली. लखोटा आला तेव्हा ओला होता. आत वाळू होती."

मी ब्रारच्या रिकाम्या ताटाकडे बघितलं. सही जिवंत माणसाची असेल, तर तो मला टाकून कुठंतरी मजेत बसलाय. मेलेल्याची असेल, तर तो मला सोडत नाही. काहीही असलं तरी बोट माझंच अडकलेलं.

"मतपत्रिका आणलीय," हार्के म्हणाला. "पण माणूस बघून द्यायची असं साहेबांनी सांगितलंय."

"तो बाहेर गेलाय," मारेटआई सुयांवरची नजर न काढता म्हणाली. "भरतीबरोबर येईल. ठेवा तिथं, ताटावर."

हार्केनं माझ्याकडे बघितलं. खरं तर कागद परत न्यायचा. ठेवला तर नोकरी जाण्यासारखी गोष्ट. पण म्हातारीचं ते वाक्य ऐकून कागद परत पिशवीत घालायला त्याचा हात धजेना. त्यानं लखोटा ताटावर ठेवला.

पुढची ओहोटी दुपारनंतर. तोवर तो बसला. मग खिडकीत पडलेल्या माझ्या मतदानाच्या कार्डाकडे बोट करून म्हणाला, "तुमच्या कार्डामागचा टपाली मताचा अर्ज कोराच आहे. भरायचा नाही?"

"मतदानाची पेटी किनाऱ्यावर. समुद्राला काय निवडणुकीची तारीख विचारायची? मी कधीच मत दिलं नाही."

"म्हणूनच तर टपाल. इथं नाव लिहा, इथं सही."

मी लिहिलं. चार हिवाळे शाळा शिकलेली मी, अक्षरं मेंढरासारखी पांगली. तो हसला नाही. मला त्याचं तेच आवडलं.

"मतपत्रिका टपालानं येईल," उंबऱ्यात तो म्हणाला. "किंवा… मी आणीन."

"परत पडाल."

"दांडा घरी ठेवलात तर पडेनही आनंदानं."

"जा! भरती तुमची वाट बघत बसणार नाही."

आठ दिवस धुकं उठलं नाही. पाऊस नाही, वारा नाही. तरी रोज सकाळी ब्रारच्या खुर्चीखालची फरशी मला ओली दिसे. मी पुसत होते, आणि कुणाला काही बोलत नव्हते.

नवव्या दिवशी पावलं वाजली. चपक्, चपक्. या वेळी मी दांडा धरला, पण मारला नाही.

"कोण?"

"ज्याला बोलता येतं तो!"

हसू आवरताना माझा ओठ चावला गेला.

त्यानं माझी मतपत्रिका टेबलावर पसरली. "इथं फुली मारा. मग हा कागद निळ्या लखोट्यात, बंद. ही शपथ वेगळी, 'मी स्वतःच्या हातानं मत दिलं', त्यावर सही. शपथ आणि निळा, दोन्ही लाल लखोट्यात."

"तोंड तिकडे करा. गुप्त असतं ना?"

तो भिंतीकडे वळला. "किती वेळ?"

"माझं मन ठरेपर्यंत."

"उमेदवाराबद्दल म्हणताय ना?"

"भिंतीकडे बघा म्हटलं!" त्याचे कान लाल झाले होते. माझे दिसत नव्हते, बरंच झालं.

मी लाल लखोटा चिकटवला, तेवढ्यात मारेटआई उठली. ब्रारच्या ताटावरून तिनं दुसरा लाल लखोटा उचलला आणि हार्केच्या हातात दिला. "उघडाच आहे. बघ."

आत निळा लखोटा होता, बंद. आणि शपथेचा कागद. त्यावर सही नव्हती.

"सहीशिवाय हे मत धरत नाहीत, आई," हार्के हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे. अर्ज मीच पाठवला होता. ब्रारची सही म्हणून तुझ्या कचेरीत जी आहे ना, ती माझी सही. इथल्या घरोघरी बायकाच सह्या करतात. पुरुष दर्यावर, कागद काय भरतीसाठी थांबतात? त्याच्या शाळेच्या दाखल्यापासून सगळं मीच लिहिलं. म्हटलं, मेलेल्याला कुणी मतपत्रिका देत नाही. दिली, तर तो आहे." ती थांबली. "पण ही शपथ… 'स्वतःच्या हातानं.' माझा हात तिथं चालेना गं, क्रेसेन."

मला तिच्याकडे बघवेना. हार्के निळा लखोटा बोटांनी चाचपत होता. तो ओला होता. कडेला वाळूचे कण.

"आणि हा?" त्यानं विचारलं. "हा तुम्ही बंद केलात?"

"नाही," मारेटआई म्हणाली. "मी कोरी मतपत्रिका आणि लखोटा ताटाशेजारी उघडे ठेवले होते. सकाळी हा असा बंद मिळाला."

हार्केनं माझ्याकडे बघितलं. मी हातातला लाल लखोटा दाखवला. मी इतक्या दिवसांत फक्त माझाच बंद केला होता. खुर्चीच्या पायाशी पाणी होतं, आणि फरशीवर ओली पावलं. दाराबाहेर जाणारी नव्हती. आत येणारी होती.

मारेटआईनं माझा हात धरला. अंगठी दोन वर्षांत रुतली होती. तिनं लोणी लावलं, ओढली, काढली. "त्यानं त्याचं मत दिलं," ती म्हणाली. "आता त्याला जाऊ द्यायचं. रविवारी घंटा वाजवायला सांगते. मृत्यूच्या नोंदीवर मी माझ्या नावानं सही करेन."

मी हार्केला ओहळापर्यंत सोडायला गेले. बोट हलकं वाटत होतं, आणि गार.

"तुझी नोकरी?" कधी 'तू' म्हणाले, मलाच कळलं नाही.

"शपथेवर सही नाही, म्हणजे मत बाद. तेवढंच लिहायचं. निळा लखोटा न उघडता बाजूला ठेवतात. आत काय आहे ते कुणालाच कळणार नाही." तो थांबला. "क्रेसेन… पुढच्या वेळी माझ्याकडे कुठलाही अर्ज नसेल. तरी येऊ?"

मागं धुक्यात एक पाऊल वाजलं. चपक्. आणि लांब गेलं, समुद्राच्या बाजूला. आम्ही दोघांनीही ऐकलं. मी हार्केचा हात धरला.

"ये," मी म्हणाले. "पण लांबूनच ओरडत ये."

पुढच्या वर्षी लग्नाच्या वहीपुढं उभे होतो, तेव्हा मारेटआईनं मला कोपर मारलं. "त्याचीही सही तूच कर. आपली रीत आहे."

"नाही," मी म्हटलं. "यानं स्वतःच्या हातानं करायची."

हार्केनं लेखणी उचलली. मी आधी त्याचा तळवा उलटा करून बघून घेतला. कोरडा होता.