वाटेत वाढलेली हवा

उद्या सकाळी दहाला नागपूरला निघायचं होतं, म्हणून जब्बारमामूंच्या गाडीत आदल्या दुपारपासूनच सामान चढत होतं. खैरुन्निसा नानीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन शुक्रवारी होतं. उन्हाळ्याच्या सुटीत जळगाव जामोदहून मेहकरला आजोळी आलेल्या आयशा आणि महनूर या दोघी बहिणींनाही नानीसोबत जायला मिळणार होतं. आयशा तेरा वर्षांची, महनूर नऊची. शेजारचा शिवम आयशाच्याच वयाचा. तो काही नागपूरला जाणार नव्हता, पण पिशव्या उचलायला सगळ्यांत पुढे तोच होता.

पाण्याच्या बाटल्या ठेवायला आयशा ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मामूंनी एसी तपासायला किल्ली फिरवून ठेवली होती. स्टिअरिंगमागच्या काचेवर तिला काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा दिसला. कोपरा उचलला तर खाली नारिंगी दिवा लागलेला. तोंड उघडं असलेल्या मडक्यासारखं चित्र आणि त्यात उद्गारचिन्ह.

तिने मामूंना विचारलं. टायरमधली हवा कमी झाली की तो दिवा लागतो, असं मामूंनी सांगितलं. पण हवा बरोबरच होती. दयारामच्या टायर-पंक्चरच्या दुकानात त्यांनी तीनदा तपासून घेतली होती, दरवेळी तेहतीस. दोन महिन्यांपूर्वी ही जुनी गाडी घेतली, पहिल्यांदा हवा भरली, त्यानंतर दिवा लागला तो गेलाच नाही.

"दिवाच बिघडला हाये," मामू म्हणाले. "डोळ्यात खुपत होता, म्हणून पट्टी लावली."

शिवमने चारही चाकांभोवती फेरी मारली. एकही टायर बसलेला नव्हता. चारही अगदी सारखे दिसत होते. मामूंचं बरोबर आहे, असं त्यालाही वाटलं. मग तो एकदम थांबला आणि म्हणाला, "आयशा, आमच्या गाडीतही हाच दिवा लागलेला आहे."

संध्याकाळी तिघं शिवमच्या घरी गेले. त्याची आई अनुपमाताई शाळेत शिक्षिका. त्यांची गाडी लहान, वेगळ्याच कंपनीची. त्यांनीही दयारामकाकांकडेच हवा भरली होती आणि त्यांचाही दिवा गेला नव्हता. गॅरेजवाल्याने सेन्सर खराब असेल म्हटलं, तेव्हा त्यांनी तो विषय सोडून दिला. दयारामकाकांनी मात्र नंतर आठवणीने विचारलं होतं, गेला का दिवा म्हणून. अनुपमाताईंनी हो म्हणून टाकलं.

"खोटं का सांगितलंस?" शिवमने विचारलं.

"इतका भला माणूस. गावभर फुकट हवा भरून देतो. कशाला वाईट वाटू द्यायचं?" अनुपमाताई म्हणाल्या.

परत आल्यावर ओट्यावर बसून आयशा विचार करत होती. एक दिवा बिघडू शकतो. पण दोन घरांतले, दोन कंपन्यांचे दिवे एकाच वेळी, एकाच पद्धतीने बिघडावेत? आणि दोन्ही दिवे खरं सांगत असले तर?

"मग दयारामकाकांच्या मशीनचा काटा खोटा," शिवम म्हणाला. म्हणाला खरा, पण त्यालाच ते ऐकायला बरं वाटलं नाही. काकांनी त्याला पंक्चर काढायला शिकवलं होतं.

महनूरला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. आपल्या घरचं घड्याळ नेहमी दहा मिनिटं पुढे असतं, मग काटा का नाही चुकणार, असं तिचं म्हणणं.

त्यांनी मामूंना सांगून पाहिलं. मामू आधी हसले, मग चिडले. दयारामने त्यांना गाडी चालवायला शिकवलं होतं. त्याने भरलेली हवा दुसऱ्या ठिकाणी जाऊन तपासायची म्हणजे त्याच्या तोंडावर मारल्यासारखं. शिवाय पेट्रोल पंप गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि सकाळी घाई. मामूंनी विषय संपवला.

पण आयशाच्या डोक्यातून तो जाईना. मे महिन्याचं ऊन, सिमेंटचा समृद्धी महामार्ग, चार जणांचं आणि सामानाचं वजन, आणि कमी हवा. अशा वेळी टायर फुटतात, हे मामूच कितीदा सांगायचे.

"गाडी नेता येणार नाही," शिवम विचार करत म्हणाला, "पण हवा नेता येईल." त्याच्या गेअरच्या सायकलचा व्हॉल्व्ह मोटारीसारखाच होता. एका मशीनवर मोजलेली हवा सायकलच्या चाकात भरून दुसऱ्या मशीनपर्यंत न्यायची, एवढं सोपं.

उन्हाने हवा फुगते, म्हणून सकाळी साडेसहालाच ते निघाले. शिवम आपल्या सायकलवर, आयशा मामूंच्या जुन्या सायकलवर आणि तिच्या मागे महनूर.

दयारामकाकांनी नुकतंच दुकान उघडलं होतं. समोर भगवानरावांची जुनी गाडी उभी होती. सात माणसं खचाखच बसलेली, नागपूरला लग्नाला निघालेली. खिडकीतून भगवानरावांच्या पत्नी सिंधूताईंनी शिवमला हात केला. त्या अनुपमाताईंच्या शाळेत होत्या. काकांनी चारही चाकांत हवा मारली आणि गाडी गेली. मग त्यांनी शिवमच्या सायकलच्या दोन्ही चाकांत पस्तीस हवा भरून दिली.

पेट्रोल पंपावर हवेच्या मशीनपाशी शालूबाई होत्या. त्यांनी नळी लावली आणि आकडा वाचला. सत्तावीस. दुसरं चाक, तेही सत्तावीस.

शिवम लगेच परत फिरायला निघाला. आयशाने त्याला थांबवलं. नुसतं एवढं सांगितलं तर सगळे म्हणतील, सायकल गळकी आहे, वाटेत हवा गेली. मामू तर नक्की म्हणतील.

"मग काय करायचं?"

"उलटं करायचं. इथे पस्तीस भरून काकांकडे न्यायची. हवा वाटेत गळू शकते, शिवम. वाटेत वाढू शकत नाही."

शालूबाईंनी पस्तीस भरली. परत येताना आयशा पुढे होती. शिवम मात्र हळूहळू पेडल मारत होता. आकडा पस्तीसच निघावा, असं त्याला कुठेतरी वाटत होतं.

दयारामकाकांनी नळी लावली. काटा बेचाळीसवर जाऊन थांबला.

आयशाने त्यांना दोन्ही मशीनचे आकडे सांगितले. सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता. काका रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंपावरचं मशीन बिघडलं असन, पोरी. माहा काटा वीस वर्षांपासून हाये."

दोन मशीन, दोन आकडे. दोन्ही गाड्यांच्या दिव्यांचं आयशा सांगणार, तेवढ्यात महनूरने नळीच्या टोकाकडे बोट दाखवलं. नळी हुकाला लटकत होती आणि तिच्यावरची तबकडी बरोबर महनूरच्या डोळ्यांसमोर आली होती.

"काका, नळी कशालेच लावली नाही, तरी काटा आठावर काऊन हाये?"

दयारामकाकांनी तबकडी हातात घेतली. तिची काच धुळीने पिवळी पडली होती. त्यांनी ती सदऱ्याच्या टोकाने पुसली. काटा शून्यावर नव्हता, आठावर होता. त्यांनी टिचकी मारली. काटा हलला नाही. रिकाम्या नळीच्या काट्याकडे बघायची कोणाला गरजच पडली नव्हती. त्यांनाही नाही.

ते शेजारच्या टायरवर बसले. होळीच्या आसपास ट्रकचं एक चाक कलंडून या नळीवर पडलं होतं, ते त्यांना आठवलं. तेव्हापासून ते सगळ्यांना आठाने कमी हवा देत होते.

मग ते ताडकन उठले. "भगवानरावाची गाडी," ते म्हणाले.

त्या जुन्या गाडीत असला दिवाच नव्हता. सात माणसं, सामान, आणि निघून तासाहून जास्त झालेला. काकांनी फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. भगवानराव गाडी चालवताना फोन उचलत नसत. सिंधूताईंचा नंबर काकांकडे नव्हता.

शिवम सायकलही विसरला आणि घराकडे सरळ धावत सुटला. अनुपमाताई चहा गाळत होत्या. धापा टाकत त्याने सांगितलेलं त्यांना अर्धंच कळलं, पण त्यांनी नंबर काढला आणि फोन लावला. सिंधूताईंनी उचलला. मागे गाणी चालू होती. अनुपमाताईंनी त्यांना आधी गाणी बंद करायला लावलं, मग एकेक गोष्ट नीट सांगितली. गाडी हळू करा, डाव्या बाजूने चला, एकदम ब्रेक मारू नका, पुढच्या पंपावर थांबून टायर बघा.

तोवर आयशाने मामूंना गाडीसकट दुकानात आणलं होतं. मामूंनी तबकडी पाहिली आणि बेचाळीसची गोष्ट ऐकली. गाडीत बसून त्यांनी चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. मग दोघी बहिणींना घेऊन ते पेट्रोल पंपावर गेले. चारही टायरमध्ये पंचवीस हवा होती. शालूबाईंनी तेहतीस केली. परतताना दोनेक किलोमीटर गेल्यावर नारिंगी दिवा आपोआप विझला. मामूंनी गाडी बाजूला घेऊन उभी केली.

"काल ऐकलं असतं तं बरं झालं असतं," ते आयशाला म्हणाले. "अन् तुमी रागावले नाही, सायकल घेऊन गेले. मले हे सुचलं नसतं."

दुकानापाशी ते परत आले तेव्हा अनुपमाताई आणि शिवम तिथेच फोन हातात धरून उभे होते. फोन वाजायला अजून दहा मिनिटं लागली. दयारामकाका त्या दहा मिनिटांत एका जागी उभे राहिले नाहीत.

फोन सिंधूताईंचा होता. पंपावर हवा मोजली तर चोवीस निघाली. मागच्या डाव्या टायरला हात लावला तर चटका बसत होता, आणि त्याच्या आतल्या बाजूला नारळाएवढा फुगवटा आला होता. अजून थोडं पळवलं असतं तर वाचला नसतात, असं पंपावरचा माणूस म्हणाला होता. आता चाक बदललं होतं. पोरांना आशीर्वाद सांगा, असं म्हणून त्या रडायलाच लागल्या.

अनुपमाताईंनी महनूरला जवळ घेतलं. मग त्या काकांपुढे गेल्या आणि दिवा गेला असं आपण खोटंच सांगितलं होतं, हे त्यांनी कबूल केलं. मामूंनी खाली बघत सांगितलं की त्यांनीही तेच केलं होतं. दयारामला वाईट वाटेल म्हणून.

काकांनी दोघांकडे पाहिलं. "वाईट तं वाटलं असतं," ते म्हणाले. "पन माणूस वाईट वाटून मरत नाही, जब्बार. अशा हवेनं मरते." मग ते मुलांकडे वळले. त्यांना काहीतरी मोठं बोलायचं होतं बहुतेक, पण त्यांनी नुसते तिघांच्या डोक्यावरून हात फिरवले. "तुमी आले म्हणून झालं. बाकी कोणी आलं नाही."

निघायला अकरा वाजले. नानीला पुढच्या सीटवर उशी देऊन बसवलं होतं. मामूंनी दुकानासमोर गाडी हळू केली. हवेची नळी काढून ठेवली होती आणि शिवम खडूने पाटीवर 'हवा बंद आहे' असं लिहीत होता. त्याने खडूचा हात हलवला.

आत स्टुलावर दयारामकाका फोन कानाला लावून बसले होते. गाडीच्या उघड्या खिडकीतून आयशाला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"हॅलो, दयाराम टायरवाला बोलून राह्यलो. तुमच्या गाडीत हवा कमी हाये. नाही, गाडीची चूक नाही. माही हाये."

फोन ठेवून त्यांनी लगेच पुढचा नंबर लावला.