कोलस्लॉमध्ये तीन चमचे व्हॅनिला

जिन्याच्या वळणावर तिच्या टोपलीतला कोबी निसटला आणि गडगडत थेट त्याच्या पायाशी जाऊन थांबला. लिफ्ट बंद, कँटीन चौथ्या मजल्यावर, त्यात भाजीने गच्च भरलेली टोपली. तिचा पारा आधीच चढलेला होता. तो लिफ्टच्या उघड्या दाराशी पाना घेऊन बसला होता. त्याने कोबी उचलला, कानाशी नेला आणि बोटाने हलकेच टकटक केलं.

"ताजा आहे," तो म्हणाला. "कुरकुरीत निघणार."

"कोबी आहे तो, दार नाही. द्या इकडे."

तो हसला. हसताना गालावरचा ग्रीसचा डाग वर सरकला... आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

गोड हसणाऱ्यांची तिला धास्तीच होती. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकाच्या कोर्सला असाच एकजण भेटला होता. लाडीगोडी लावून तिची पाककृतींची वही 'एका दिवसासाठी' घेऊन गेला आणि तिच्याच पदार्थावर स्पर्धेत पहिला आला. तेव्हापासून ती कुणाला साध्या चहाचं प्रमाणही सांगत नसे. ऑफिसचं हे कँटीन तिची मावशी चालवायची. या संशयी स्वभावामुळे मावशी तिला 'फौजदार'च म्हणायची.

दुपारी लिफ्टवाला जेवायला आला. मुख्य पदार्थांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. ताटभर घेतलं ते फक्त तोंडीलावणं – तिचं फळांचं कोलस्लॉ. केसासारखा बारीक चिरलेला कोबी, गाजर, सालासकट सफरचंद, नाशपती, संत्र्याच्या फोडी, वर अक्रोड. सगळं दही, मध आणि मोहरीच्या पुडीत कालवलेलं. पहिला घास घेऊन त्याने डोळे मिटले. मग खिशातून छोटी डायरी काढली आणि काहीतरी खरडलं.

तिचा हात चाळणीवरच थबकला.

दुसऱ्या दिवशी तो थेट खिडकीशी आला. "कोबी बर्फाच्या पाण्यात किती वेळ ठेवता?"

"तुम्हाला कशाला?"

"सहज... आणि सफरचंद आधी चिरता की ऐनवेळी?"

"लिफ्टमध्ये सफरचंद बसवताय का?"

"बसवलं असतं," तो गंभीरपणे म्हणाला, "पण दार लागत नाही." आणि गेला. जाताना पुन्हा डायरीत खरडलं!

बुधवारी मावशीने कांदा सोलता सोलता बातमी दिली. "ऐकलंस का? मोठ्या साहेबांना कँटीन दुसऱ्याला द्यायचंय म्हणे. कुणीतरी गुपचूप चव बघायला येणार आहे. आपण ओळखायचं नाही, पण तो सगळं टिपून घेणार."

"ओळखला मी," ती दात आवळून म्हणाली.

"कोण? तो लिफ्टवाला? अगं, तीन दिवस लिफ्टच्या खड्ड्यात उतरतोय बिचारा."

"सोंग आहे ते, मावशी."

"सोंगाला एवढं ग्रीस लागत नाही गं. मला विचारशील तर तो कोलस्लॉसाठी येतच नाही."

ती कानापर्यंत लाल झाली आणि त्याचाही राग तिने गाजरांवर काढला.

गुरुवारी तिने सापळा लावला. सगळ्यांचं कोलस्लॉ नेहमीसारखंच केलं. एक वाटी तेवढी बाजूला काढली आणि तिच्यात केकचं व्हॅनिला इसेन्स चांगलं तीन चमचे ओतलं. वास असा, की मावशीने लांबूनच नाकाला पदर लावला. खरा चव बघणारा असेल तर तोंड वाकडं करील, आणि नुसता खुशामत्या असेल तर... तेही कळेल.

त्याने वाटी संपवली. शेवटचा अक्रोडसुद्धा टिपून खाल्ला.

"कसं होतं?" ती खिडकीतून वाकून म्हणाली.

"आज बहार होती."

"व्हॅनिला आवडला?"

"कसला व्हॅनिला?"

ती एप्रनला हात पुसत बाहेरच आली आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "कुणी पाठवलंय तुम्हाला? साहेबांनी? का तो नवा कंत्राटदार आहे, त्याने? खरं सांगा."

त्याचं हसू मावळलं. तो वाटीत चमचा फिरवत राहिला.

"मला वास येत नाही," तो हळूच म्हणाला. "आठ महिने झाले. तापाने आजारी पडलो... ताप गेला, वास काही परत आला नाही. वास नाही म्हणजे चवही नाही. नुसतं खारट, गोड, आंबट एवढंच कळतं. बाकी सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. जेवायचा कंटाळा यायचा. मग इथे हे मिळालं. निदान दाताखाली वाजतं तरी."

"थाप चांगली आहे," ती म्हणाली. पण तिच्या आवाजात आता जोर नव्हता. "डायरी दाखवा."

त्याने ती टेबलावरून सरकवली.

*सोमवार. लिंबू – नाही. लवंग – नाही. कॉफी – नाही. कोलस्लॉ – कुर्रम! वा!*

*मंगळवार. लिंबू – नाही. लवंग – नाही. कॉफी – नाही. अक्रोड भाजलेले असावेत. विचारणे.*

*बुधवार. तिन्ही नाही. ती आजही हसली नाही. उद्या बघू.*

"डॉक्टरांनी सांगितलंय," तो ओशाळून म्हणाला. "रोज सकाळी तीन वास घ्यायचे आणि लिहायचं. शेवटचं... ते डॉक्टरांनी सांगितलेलं नाही."

तिने डायरी मिटली. आजारी माणसाला आपण व्हॅनिला घातलेला कोबी खाऊ घातला! लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण फौजदार ती फौजदारच.

"म्हणजे रोज छान छान म्हणत होतात, ते खोटं?"

"चविष्ट म्हणालो का कधी? आठवून बघा."

तिने आठवलं. खरंच म्हणाला नव्हता.

शुक्रवारी चव बघणारा खरा माणूस उघडा पडला – रोज रांगेत पुढे घुसणारे, दुसऱ्यांदा गोड मागणारे हिशेब खात्यातले काका. त्यांनी साहेबांना सांगितलं, हे कँटीन दुसऱ्याला दिलंत तर मी राजीनामा देईन. मावशीने त्यांना तिसऱ्यांदा गोड वाढलं.

शनिवारी लिफ्ट सुरू झाली. कँटीन रिकामं होतं. तो हात धुऊन, स्वच्छ शर्ट घालून आला आणि उभाच राहिला.

"काम संपलं," तो म्हणाला. "सोमवारपासून दुसरीकडे."

"बसा."

तिने त्याच्यासमोरच सगळं मांडलं. कोबी बर्फाच्या पाण्यातून काढला. "पंधरा मिनिटं ठेवते," ती म्हणाली, "आणि मग फडक्यावर कोरडा करायचा. सफरचंद ऐनवेळी चिरायचं, लिंबू लावून. दही वाढताना कालवायचं, आधी नाही." बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की गेल्या दोन वर्षांत कुणाला सांगितलं नाही ते आपण सांगतोय. तिने दोन चमचे ठेवले.

त्याने घास घेतला. कुर्रम. मग तिच्याकडे पाहिलं. "तुम्हीही खा ना... आणि मला सांगा, कसं लागतंय."

तिने खाल्लं. डोळे मिटले. "आधी थंड. मग सफरचंदाचा किंचित आंबटपणा. मोहरी नाकात चढतेय... थोडीशीच. आणि मागून मध येतोय. सावकाश, कुणाला न कळता."

तो खाणं विसरून ऐकत होता.

"रोज सांगाल?"

"रोज म्हणजे किती दिवस?" तिची मान संशयाने तिरकी झाली.

"चव परत येईपर्यंत."

"आणि उद्याच आली तर?"

"तर..." तो दाराकडे पाहत आवाज खाली आणून म्हणाला, "लपवून ठेवीन."

"म्हणजे खोटं बोलणार माझ्याशी?"

"हो. आयुष्यभर."

ती हसली. मोठ्याने, चमचा हातात तसाच. आणि त्याने घाईघाईने डायरी उघडली.