राक्षस बाहेर

मानवजात पृथ्वी सोडून बाहेर पडली, ती आपली सगळी वैरे मागे ठेवूनच. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या 'सौहार्द' या भारत-जपान संयुक्त केंद्राच्या दारावर हे वाक्य दोन भाषांत कोरलेले होते. त्याखाली कोणीतरी चिकटपट्टी लावून फक्त मराठीत लिहिले होते: 'माझा पेला वापरणाऱ्याचे तळपट होवो.'

पेला वापरणारे केंद्रप्रमुख डॉ. मोरेश्वर गोडांबे आणि पट्टी लावणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ डॉ. हेमांगी सरंजामे. शोध घ्यावा लागला नाही, कारण केंद्रात माणसेच चार. उरलेल्या दोघांत रियाझ मुजावर हा मिरजेचा यंत्रज्ञ, आणि मोरितानी तोमोए ही वनस्पतिशास्त्रज्ञ. मोरितानी मराठी पुण्यात शिकली होती. त्यामुळे तिचे उच्चार स्वच्छ होते, आणि कोणाचा अपमान करताना तिला आवाज चढवावा लागत नसे.

चार माणसांत गट किती पडू शकतात, हे गणित केंद्रात प्रत्यक्ष सोडवून झाले होते. गोडांबे आणि हेमांगी तर आता एकमेकांशी बोलतही नसत. फारच अडले तर रियाझमार्फत.

"मुजावर, बाईंना सांगा, पृथ्वीवरून आदेश आलाय," प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून गोडांबे म्हणाले.

हेमांगी त्यांच्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या. "साहेबांना विचार, कसला आदेश."

"साहेब, मॅडम विचारतायत..."

"मला कान आहेत, मुजावर." गोडांबेंनी आदेश वाचला. केंद्राच्या हवेतले वैरगंधाचे प्रमाण पृथ्वीवरच्या नियंत्रण मंडळाला पसंत नव्हते. पुढच्या यानात परतीची एक जागा रिकामी होती. यान उतरेल तेव्हा सर्वांची श्वासतपासणी होईल आणि ज्याच्या श्वासात वैरगंध सर्वाधिक, तो पृथ्वीवर परत जाईल. "बाईंना सांगा, सामान आवरायला घ्या. आजच्या घडीला कोणाचा आकडा वर आहे, ते त्यांच्याच यंत्राने दाखवलंय."

यात खोटे काही नव्हते. वैरगंध हा हेमांगींचाच शोध, तो मोजणारा वैरमापकही त्यांनीच बनवलेला. त्याने पहिल्या चाचणीपासून निष्पक्षपणे हेमांगींचे नाव सर्वांत वर ठेवले होते. त्या परत गेल्या असत्या तर उरलेले प्रयोग गोडांबेंच्या हाती गेले असते आणि निबंधावर गोडांबेंचे नाव आले असते. पृथ्वीवर हेमांगींची जागा भरलेली होती. ज्याने भरली तो गोडांबेंचा जावई होता.

गोडांबे गेल्यावर मोरितानीने स्टूल ओढले. "मला नीट समजावून सांगा. हा वैरगंध म्हणजे नेमकं काय?"

"माणूस चिडला की त्याच्या घामातून, श्वासातून एक रेणू बाहेर पडतो. पृथ्वीवर तो वाऱ्यावर विरून जातो. इथे तीच हवा गोल गोल फिरते. तो रेणू दुसऱ्याच्या नाकात गेला की तो माणूस चिडतो आणि आणखी रेणू सोडतो."

"म्हणजे भांडण खोकल्यासारखं पसरतं."

"नाकातूनच जावा असंही नाही. पोटातून गेला तरी रक्तात पोचतो. मागे मी हवेतला दमटपणा गोळा करून त्याचं पाणी रियाझला पाजलं होतं, आठवतं?"

"त्या दिवशी त्याने मला पाना फेकून मारला."

"प्रयोग उत्तम झाला होता," हेमांगी म्हणाल्या. "अडचण एवढीच, की कोळशाच्या गाळणीला हा रेणू दाद देत नाही. कागदावरच्या हिशेबाने तो प्रथिनाला चिकटायला हवा. पण ते प्रथिन कोरडं पाहिजे, भाजून तडकलेलं पाहिजे, आणि त्याच्यावरून हवा भरभर जायला पाहिजे. असं काही गाळणीत बसत नाही."

"आमच्याकडे सेत्सुबुन असतो," मोरितानी म्हणाली. "वसंत सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. घरातला एकजण राक्षसाचा मुखवटा घालतो, बहुतेक वेळा वडील. बाकीचे त्याला भाजलेले सोयाबीन फेकून मारतात. 'ओनि वा सोतो, फुकु वा उचि' असं ओरडतात. राक्षस बाहेर, भाग्य आत."

"भाजलेलेच का?"

"कच्चा दाणा कोपऱ्यात पडून राहिला आणि त्याला मोड आला, तर वर्षभर अपशकुन."

"अपशकुन कसला. कच्च्या दाण्याचं साल गुळगुळीत असतं, त्याला काही चिकटणार नाही." हेमांगी उभ्या राहिल्या. "भाजला की तडकतो. फेकला की हवा कापत जातो. आणि नेम राक्षसावर, म्हणजे मुखवट्याआड जो घामाघूम झालाय त्याच्यावर. रेणू सर्वांत दाट तिथेच. तुझ्या पूर्वजांना कोणी रसायनशास्त्र शिकवलं?"

"तुमच्यासारखं माणूस प्रत्येक घरात असतं," मोरितानी नम्रपणे म्हणाली. "त्यांना उपाय शोधावाच लागला असेल."

हरितकक्षात मोरितानीने पिकवलेले सोयाबीन होते. मात्र त्याला हात लावायचा तर गोडांबेंची परवानगी हवी होती.

"भाजून कशाला नासताय?" गोडांबे म्हणाले. "भिजत घाला, मोड आणा, उसळ होईल. आणि इथे चंद्रावर वसंत कुठून येणार?"

"आमच्याकडेही त्या दिवशी बर्फच असतो, साहेब," मोरितानी म्हणाली. "वसंत आलाय म्हणून करत नाहीत. यावा म्हणून करतात."

"आणि राक्षस कोण?"

"सरंजामेबाई."

गोडांबेंनी मान वर केली. "त्यांना दाणे मारायचे?"

"सर्वांनी."

"जोरात?"

"शास्त्रीयदृष्ट्या जितके जोरात तितके चांगले."

"परंपरांचा आदर केला पाहिजे," गोडांबे म्हणाले आणि परवानगी दिली.

रियाझने उष्णतारोधक पत्र्याचा मुखवटा कापून लाल रंगवला आणि त्याला नळीच्या तुकड्यांची शिंगे लावली. मुखवट्याच्या कपाळावर त्याने हेमांगींच्या दोन आठ्या इतक्या हुबेहूब उठवल्या, की मोरितानीने त्याचे अभिनंदन केले. हेमांगींनी तो चढवला. भोजनकक्षात खमंग वास सुटला होता. वैरमापकाचा काटा लाल पट्ट्यात होता.

चंद्रावर फेकलेला दाणा लवकर खाली पडत नाही. तो भिंतीवर आपटतो, छतावर जातो, परत येतो आणि ज्याला लागायचा राहिला असेल त्याला लागतो. गोडांबेंनी पहिली मूठ फेकली तेव्हा ते 'राक्षस बाहेर' म्हणाले. दुसरीला 'पेला घ्या पेला' म्हणाले. तिसऱ्या मुठीनंतर त्यांना घोषणा सुचेना, तेव्हा ते नुसतेच दात-ओठ खात मारत राहिले. रियाझने मागचा सगळा हिशेब चुकता केला. मोरितानीचा नेम सर्वांत अचूक होता.

हळूहळू काटा उतरू लागला. लालमधून पिवळ्यात, पिवळ्यातून हिरव्यात. हवेतून संथपणे खाली येणाऱ्या दाण्यांमध्ये चौघे उभे राहिले आणि बऱ्याच दिवसांनी कोणालाच कोणाला काही सुनावावेसे वाटेना.

"लागलं नाही ना फार?" गोडांबेंनी विचारले. रियाझने सवयीने हेमांगींकडे वळून प्रश्न पोचवायला तोंड उघडले, पण गोडांबे थेट त्यांच्याकडेच पाहत होते.

"नाही, साहेब," हेमांगींनी मुखवटा काढला. "तुमचा नेम पहिल्यापासून वाईट."

दोघेही हसले. श्वासतपासणी आत्ता झाली असती तर चौघांचेही आकडे शून्याच्या आसपास निघाले असते. मात्र यान अजून वाटेत होते.

रियाझ झाडू घेऊन दाणे गोळा करू लागला. "दाबकक्षातून बाहेर सोडून देऊ का, साहेब?"

"बाहेर?" गोडांबेंचा आवाज आता मऊ होता, पण नियम शून्यक्षयाचा होता आणि तो त्यांनी स्वतः लिहिला होता. केंद्रातून कणभरही वस्तू बाहेर टाकायची नाही. "अन्न आहे ते. लहानपणी पानात एक शीत राहिलं तरी आमची आई पाटावरून उठू देत नसे. मोरितानीसान, तुमच्या विधीत हे दाणे खातात ना?"

"वयाइतके खातात. आणखी एक, पुढच्या वर्षासाठी." मोरितानी अडखळली. "पण ते वेगळे ठेवलेले असतात, साहेब. फेकलेले झाडून टाकतात."

"वेगळे कुठून आणणार? हेच घ्या."

"निदान धुऊन तरी घेऊ."

"आणि पाणी फुकट घालवू?"

हेमांगींच्या हातात त्या वेळी वाडगा होता. पुढचा विचार त्यांच्या डोक्यात अगदी सरळ आला. हवेतला सगळा वैरगंध आता या दाण्यांत होता. दाणे पोटात गेले की तो रक्तात जाणार. जितके दाणे, तितका वैरगंध. जितके वय, तितके दाणे. आणि या खोलीत सर्वांत वयस्क कोण, हे सांगायला वैरमापक लागत नव्हता.

एक वाक्य बोलले असते तरी पुरले असते. हेमांगींच्या श्वासात त्या क्षणी वैर नावालाही नव्हते. जे केले ते त्यांनी संपूर्ण शांत मनाने केले.

"साहेब, तुमचे किती?" त्यांनी विचारले.

"एकसष्ट."

"बसा तुम्ही. मी मोजून देते."

त्यांनी एकेक दाणा गोडांबेंच्या ओंजळीत ठेवला आणि शेवटी पुढच्या वर्षाचा एक आपुलकीने वर ठेवला. मोरितानीने त्यांच्याकडे पाहिले. हेमांगींनी तिच्याकडे पाहिले नाही. मग मोरितानीने आपल्या वाट्याचे दाणे उचलले आणि मान खाली घालून खाऊ लागली. सर्वांनी खाल्ले. गोडांबेंनी वाडग्याच्या तळाशी राहिलेला चुराही बोटाने पुसून घेतला आणि पंगतीचे समाधान व्यक्त केले.

जेवणानंतर थोड्याच वेळाने त्यांना रियाझचा चावण्याचा आवाज खटकला. मग रियाझ चावत नसतानाही खटकला. यान उतरले तेव्हा त्यांनी रियाझचा झाडू मोडला होता, मोरितानीच्या वाफ्यातली मुळे उपटली होती आणि दारावरचे कोरीव वाक्य व्याकरणदृष्ट्या कसे भिकार आहे, हे ते दाराला ओरडून सांगत होते. इतर तिघेही एकमेकांशी धड वागत नव्हते, पण साहेबांच्या तुलनेत ते सात्त्विक दिसत.

तपासणी झाली. हेमांगींचा आकडा दुसरा आला. पहिला इतका वर होता, की यंत्राने तो दोनदा तपासून पाहिला.

"बाई, तुम्ही केलंत हे," दाबकक्षात जाताना गोडांबे म्हणाले.

"रियाझ, साहेबांना सांग, प्रवास सुखाचा होवो."

"साहेब, मॅडम म्हणतायत..."

दार बंद झाले.

हेमांगी केंद्रप्रमुख झाल्या. मंडळाला पाठवलेल्या अहवालात त्यांनी विधीचा तपशील प्रामाणिकपणे दिला: दाणे भाजले, फेकले, गोळा केले, वयानुसार सेवन केले, वैरगंध उतरला. खाण्याचा परिणाम मात्र लिहिला नाही. तो लिहिला असता तर गोडांबेंच्या ओंजळीत दाणे कोणी मोजले, हेही लिहावे लागले असते.

मंडळ भारावून गेले. उत्तरादाखल आदेश आला, की हा विधी दर वर्षी, एकही पायरी न गाळता करावा, दाणे वयानुसारच खावेत, आणि त्यानंतरच्या यानाने सर्वाधिक वैरगंध असलेल्या व्यक्तीस परत पाठवण्याची चांगली प्रथाही तशीच चालू ठेवावी.

हेमांगींनी आदेश सर्वांसमोर वाचून दाखवला आणि शेवटच्या ओळीवर जरा थांबल्या. गोडांबेंच्या जागी आलेला तरुण भूशास्त्रज्ञ एकोणतीस वर्षांचा होता. मोरितानी एकतीस, रियाझ चौतीस. केंद्रप्रमुख डॉ. सरंजामे चोपन्न वर्षांच्या होत्या.