डोंगरावरचा पाटकरी

"मामा, पाणी वाढतंय!" गौतमी ओरडली.

"गप गं! आभाळात ढगाचा ठिपका न्हाई, आन् पाणी कुठनं वाढंल?" सुमोला टेकून रविराजमामांनी लांबलचक जांभई दिली.

वरवंडचे रविराजमामा म्हणजे सोलापूर रोडचे राजेच! न्हावऱ्याहून थेट हिमाचलापर्यंत त्यांनी एकट्याने गाडी हाणत आणली होती. रस्ता कसला, नुसते धोंडे! एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. पण काय तो मामांचा हात! पोरं श्वास रोखून बघत राहायची. खोड एकच, नऊच्या आत मामांचा डोळा उघडत नसे. म्हणूनच आज ते भर दुपारी इथे पोचले, आणि रस्त्यावरून धो धो वाहणाऱ्या ओढ्याने त्यांना अडवलं.

ओढ्यापलीकडे, तासाभराच्या चढावर ते तळं होतं. आबांचं तळं! गौतमीचे आजोबा, कोंडिबाआबा, लष्करात ड्रायव्हर होते. सहा वर्षं त्यांनी याच डोंगरांतून रसदीचे ट्रक नेले. तळ्याकडे वळणारा फाटा दर फेरीला दिसायचा, पण ताफा कधी थांबला नाही.

"उद्या दुपारपर्यंत ओसरलं तर ठीक, न्हाईतर माघारी फिरायचं," मामांनी ठरवून टाकलं.

"ऱ्हाऊ द्या, पाव्हणं," आबा हसले. "त्याचा डोंगर तरी दिसला."

गौतमीला ते हसू मुळीच बघवलं नाही. आबांचे गुडघे पुन्हा एवढा प्रवास करणार नव्हते.

तिने एका काठीवर तीन खुणा केल्या आणि ती ओढ्याच्या कडेला रोवली. न्हावऱ्यात उसाला पाणी देताना पोरं पाटाच्या चारीत अशीच काठी रोवतात. काठीवरचं पाणी उतरलं, की समजायचं, वरच्या शेतातल्याने दारं फोडून पाणी वळवलं!

संध्याकाळी कडेच्या ढाब्यापाशी तंबू ठोकले, तोवर तिन्ही खुणा बुडाल्या.

"वरनं कुणीतरी पाणी सोडतंय!" तिचा धाकटा भाऊ विनोद म्हणाला.

"इथं कुठला आलाय पाटकरी?" मामांची रश्मी खिदळली.

पहाटे फटफटताच तिघं कुडकुडत तंबूबाहेर आली. बघतात तर काय! काठी कोरड्यात उभी! पाणी जेमतेम घोट्याएवढं!

"पाटकरी झोपला वाटतं!" विनोद म्हणाला. तोंड धुवायला त्याने ढाब्याच्या बादलीत हात घातला, तर बोटं टणकन आपटली. "आई गं! बर्फ!"

गौतमीने टुणकन उडीच मारली. "सापडला पाटकरी! ऊन! दिवसा ऊन तापलं, की वरचा बर्फ वितळतो. रात्री सगळं गोठतं. निघायचं तर आत्ताच!"

"पप्पा नऊच्या आत उठत न्हाईत," रश्मी म्हणाली. "आन् काल तुझं ऐकलं का त्यांनी?" मग तिचे डोळे चमकले. "आपणच नऊ वाजवू या की!"

तिने मामांच्या उशाचं घड्याळ हळूच उचललं आणि काटे सव्वापाचावरून नवावर नेले.

"पप्पा, नऊ वाजले! उठा!"

"आँ? मग ऊन कसं न्हाई?"

"डोंगर केवढाले हायेत, बघा की! ऊन यायला उशीर लागतो!"

ओढ्याचं पाणी बघून मामांची झोपच उडाली. आबा शेजारी ताठ बसले. "पहिला गिअर टाका. मधी थांबू नका!" धोंड्यांवरून धडधडत सुमो पार झाली. पोरांनी एकच जल्लोष केला! पुढचे चढ आणि वळणं मामांनी अशी काही काढली, की आबाही म्हणाले, "वा रं गडी!"

शेवटच्या वळणावर तळं समोर आलं. निळंशार! बर्फाचे डोंगर त्यात उलटे उभे होते. आबांनी टोपी काढली.

तेवढ्यात मामांनी घड्याळ बघितलं. "पावणेअकरा? आन् ऊन आत्ता कुठं येतंय?"

मग काय, रश्मीने कान पकडून सगळं सांगितलं. मामांनी डोळे वटारले, आणि खदखदून हसले. "तीस वर्षांचा ड्रायव्हर मी, आन् पोरींनी मला फसवलं! खरं हाय पण तुमचं. शाब्बास!" घड्याळ काढून त्यांनी गौतमीच्या हातावर बांधलं. "परत कवा निघायचं, तूच सांग."

"उद्या पहाटे! आता ओढा भरायला लागेल."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"चला, गाडीतनं तंबू उतरवा," ते म्हणाले. "आज ताफा हितंच थांबंल."