ग्लू वाळेपर्यंत

डांगे चौकाजवळच्या आमच्या दुकानासमोर एका लाल स्पोर्ट्स कारने रिव्हर्स घेतला आणि माझी स्कूटी आडवी झाली. मी तरातरा बाहेर आले.

“मागचं दिसत नाही का?”

“खरं सांगू? न्हाई दिसत.” गाडीतून उतरलेला तो चक्क हसला. “आतला आरसा एवढासा हाय. मागं आख्खा टेम्पो असला तरी कळायचा न्हाई.”

मी आत डोकावले. आरसा खरंच बिस्किटाएवढा होता. आमचं दुकान कार ॲक्सेसरीजचं, त्यामुळे भांडण तिथेच मिटलं आणि गिऱ्हाईक मिळालं.

त्याचं नाव गणराज. रहाटणीच्या जुन्या शेतकरी घरातला. ही दोन सीटची सेकंडहँड गाडी त्याने हौसेने घेतली होती. मोठा आरसा मागवावा लागेल, आला की फोन करते, असं मी सांगितलं. पण फोनची वाट पाहील तर तो गणराज कसला! चाकणच्या कंपनीतली शिफ्ट सुटली की रोज चौकशीला हजर... आणि सोबत दोन कटिंग चहा.

“आला का आरसा, विजयश्री मॅडम?”

“नाही आला.”

“बरं झालं.”

असं कोणी म्हणतं का? पण मला ते ऐकायला आवडायला लागलं होतं. तो यायच्या वेळेला मी केस नीट करायचे, हेही सांगून टाकते.

शनिवारी आरसा आला. गणराज गाडी घेऊन आला, पण चहा न आणता.

“उद्या मारुंजीला पोरगी बघायला जायचंय,” तो म्हणाला. “आईनं ठरवलंय. हीच गाडी त्यांच्या दारात उभी राहिली पायजे, असा मामाचा हट्ट हाय.”

मी पुढच्या काचेला ग्लू लावून आरसा दाबून धरला. आणि मग तोंडातून निघूनच गेलं—

“हा ग्लू वाळायला दोन दिवस लागतात. गाडी हलवायची नाही. सोमवारी या.”

खरं तर तो ग्लू तासाभरात पकडतो.

गणराजने एकदा ग्लूच्या ट्यूबकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. काउंटरवर किल्ली ठेवली आणि रिक्षाने निघून गेला.

रविवारी दुपारी मी दुकानात नुसती बसून होते. गाडी अडवली म्हणून पोरगी बघणं थोडंच थांबतं? मामाकडे दुसरी गाडी असेलच. तेवढ्यात गणराज दारात उभा.

“गेला नाहीत?”

“न्हाई. आईला म्हटलं, गाडी दुकानात अडकलीय... आन मीपण.”

मला एकदम रडूच आलं. “मी खोटं बोलले. ग्लू कालच वाळला होता. तुम्ही जाऊ नये असं वाटत होतं मला. तुम्ही... आवडता मला.”

“ग्लूचं ठाऊक होतं,” तो शांतपणे म्हणाला. “कंपनीत दिवसभर तेच काम करतो. काचेला आरसे चिकटवायचं.”

“मग आरसा कुठूनही आणून घरीच लावायचा ना!”

“घरी लावला असता तर रोज इथं कशाच्या निमित्तानं आलो असतो?” त्याने किल्ली उचलली. “चला. आई घरी वाट बघतीय. म्हणाली, आज पोरगी बघायचं ठरलंय, तर बघणारच.”

“आत्ता? अशा अवतारात?”

“असंच या.”

मी डोळे पुसले, शटर खाली ओढलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.