एकवीस किलो जास्त

प्रणोतीनं वजनकाट्याला सील ठोकलं, तेवढ्यात मागून कुणीतरी घाईघाईनं म्हणालं, "दोन मिनिटं थांबा ना मॅडम... माझं विमान राहिलंय!"

तिनं वळून पाहिलं. पाटनच्या रस्त्यावरचं धान्याचं गोदाम, नाकातोंडात जाणारा गव्हाचा भुसा, आणि टेम्पोला टेकून उभा असलेला एक उंच तरुण. टेम्पोत जुन्या गोधडीवर छोट्या कारचं इंजिन ठेवलेलं. मापतोल विभागात निरीक्षक म्हणून तीन वर्षांत तिनं नाना सबबी ऐकल्या होत्या. पण ही अगदीच नवी होती.

"हे विमान?"

"नाही जी, त्याचं इंजिन. म्हणजे आहे कारचंच... पण विमानात बसवून राहिलो. दोन सीटचं आहे, इथंच पुढं शेडमध्ये. खास विमानाचं इंजिन आपल्याला कुठं परवडतं?"

त्याचं नाव गौरांग. रेल्वेत इंजिनं दुरुस्त करायचा आणि चार वर्षं दर सुट्टीला हे विमान बांधायचा. तिनं काही विचारलं नसतानाही त्यानं सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याचे डोळे इतके चमकत होते, की पंचनाम्यावर सही कुठं करायची हेच प्रणोतीला क्षणभर सुचेना.

"मग आजवर वजनं कुठं केली?"

"याच काट्यावर. पंख, चाकं, सगळी बॉडी. काहून?"

सांगणं तिच्या जिवावर आलं. "हा काटा शंभर किलोला पंच्याण्णव दाखवतो. शेतकऱ्याचा गहू कमी भरावा म्हणून. तुमचं विमानही तेवढंच कमी भरलंय."

गौरांग मटकन टेम्पोच्या फळीवर बसला. पेट्रोल, दोन माणसं आणि विमान असं सगळं मिळून सांगाड्याला झेपेल तेवढंच वजन त्यानं काठोकाठ बसवलं होतं.

"आणि इंजिनात पाणी भरून मोजणार होतात की कोरडंच?" तिनं विचारलं.

"...कोरडंच."

"पाण्यालाही वजन असतं, बरं का!"

"रेल्वेत काय जी, इंजिन जेवढं जड तेवढं रुळाला धरून राहते," तो कान खाजवत म्हणाला. "सवयच लागली ना तशी!"

ती हसली. सरकारी कामावर असताना हसायचं नाही, हा तिचा नियम त्या दुपारी मोडला तो मोडलाच.

आठवड्यानं तो शहरातल्या गोरखपूर भागातल्या तिच्या ऑफिसात हजर. हातात रीतसर अर्ज, विषय – विमान तोलून देणेबाबत. अख्खं ऑफिस खो खो हसलं. प्रणोतीनं मात्र गंभीर चेहऱ्यानं शिक्का मारला, आणि रविवारी तीन तपासलेले काटे घेऊन शेडवर गेली. सोबत तिचा जुना शिपाई श्यामसुंदर. एकेका चाकाखाली एकेक काटा सरकवला. विमान चारशेचं ठरलं होतं, भरलं चारशे चौतीस.

मग ते रविवार सुरू झाले... गौरांगनं बिडाचा एक्झॉस्ट काढून पातळ पत्र्याचा लावला, हलका स्टार्टर शोधला. नाक जड होत होतं म्हणून बॅटरी शेपटीकडे नेली. कारचं इंजिन फार जोरात फिरतं, पंख्याला तेवढा वेग सोसत नाही, म्हणून मधे गिअर लागतोच. तो काही काढता येईना. प्रणोती एकेक बोल्ट तोलायची. एका हातातून दुसऱ्या हातात बोल्ट जाताना बोटं जरा जास्तच रेंगाळायची, आणि श्यामसुंदर नेमका तेव्हाच चहा आणायला जायचा.

तेरा किलो उतरले. एकवीस काही केल्या हलेनात.

परवानगीसाठी वजनाचा तक्ता सोमवारी पाठवायचा होता. रविवारी दुपारी गौरांग कोऱ्या रकान्यासमोर पेन धरून बसला. 'जाऊ द्या ना मॅडम, कोण बघतंय' हे वाक्य प्रणोतीनं प्रत्येक आडत्याकडून ऐकलं होतं. आज ते याच्या तोंडून आलं तर? ती सही करणार नव्हतीच... पण मग पुढच्या रविवारी इथं येणारही नव्हती.

गौरांगनं लिहिलं – चारशे एकवीस. मग शांतपणे 'दुसरी सीट' या ओळीवर रेघ मारली.

"खोडलंत?" तिनं विचारलं. "चार वर्षं दोन सीटसाठी..."

"खोटं लिहून तुम्हाला कसं बसवणार होतो?" तो एकदम बोलून गेला, आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... सीट तुमच्यासाठीच ठेवायची होती. पहिल्या रविवारपासून."

बाहेर पत्र्यावर कडुलिंबाची पानं टपटपत होती. प्रणोतीनं तक्ता ओढून घेतला.

"दुसऱ्या माणसाचं वजन किती धरलंत?"

"सत्तर. सगळे तेवढंच धरतात."

"आणि कमी करून का नाही पाहिलं?"

"मुलीला वजन विचारायची हिंमत पाहिजे ना, मॅडम!"

तिला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. "छप्पन्न," ती म्हणाली. "चौदा किलो तिथंच वाचले. राहिले सात. दहा लिटर पेट्रोल कमी भरा. मला कुठं दिल्लीला जायचंय? नर्मदेच्या त्या काठापर्यंत जाऊन परत येऊ."

त्यानं पेन पुन्हा उचललं. "छप्पन्न... पक्कं?"

"काट्यावर उभी राहते. मोजून घ्या." ती खरोखरच चप्पल काढून काट्यावर चढली. आकडा त्यानं पाहिलाच नाही. "आणि मॅडम म्हणणं बंद करा. प्रणोती म्हणा."

गौरांगनं नवा तक्ता काढला, दुसऱ्या सीटच्या ओळीत सावकाश लिहिलं – प्रणोती, छप्पन्न किलो – आणि तिला काट्यावरून उतरवायला हात पुढं केला. तिनं तो धरला, आणि उतरल्यावरही सोडला नाही.