दार उघडं ठेवून

ती दार चुकली, एवढंच खरं तर. शोधत होती मीटिंगची खोली आणि धाडकन उघडलं प्रयोगशाळेचं दार. आतल्या माणसाने आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"गेलं... सकाळपासूनची मेहनत पाण्यात."

"अहो, मी फक्त दार उघडलं—"

"तेच तर."

आता दार उघडल्याने कुणाचं काम बुडतं का? पण याचं बुडायचं. विजेऐवजी प्रकाशाने आकडेमोड करणारी चिप तो बनवत होता. कामाला चपळ, वीज अगदी कमी खाणारी. पण नखरे असे, की खोली जराशी गरम झाली तरी उत्तर चुकलंच. म्हणून हा पठ्ठ्या दार लावून एकटाच बसायचा. आणि ती आली होती गुंतवणूकदारांकडून, ही चिप बाजारात चालेल का ते सांगायला. तिच्या अहवालावर हे काम चालू राहणार की बंद पडणार, ते ठरणार होतं. हे कळल्यावर त्याचा चेहरा असा पडला, की तिला हसू आवरेना.

मग ती रोजच येऊ लागली. तो तिला 'अहवालबाई' म्हणायचा. बाहेरच्या बाकावर बसून ती सांगायची, की मोठमोठ्या संगणक केंद्रांना विजेचा खर्च झेपेनासा झालाय, ते तुमची वाटच बघतायत. तो लाजून चष्मा पुसत बसायचा. आणि प्रकाशाचे किरण एकमेकांना न धडकता आरपार कसे जातात, हे सांगताना बोटांत बोटं गुंफून दाखवायचा... स्वतःचीच, अर्थात. तिचा जीव जडला तो तिथेच. लपवून काय उपयोग?

पाहणीच्या शेवटच्या दिवशी त्याने तिला पहिल्यांदा आत बसवलं. खोली गार होती. त्याने आपला स्वेटर तिच्या खांद्यांवर टाकला. आकडे बरोबर येत होते. ती बघायला जवळ वाकली... आणि आकडे भरकटले.

"माझ्यामुळे?" तिने विचारलं.

"माणूस जवळ आलं, की चिपला त्याची ऊब लागते."

तिचं हसू मावळलं. "गिऱ्हाइकाच्या खोलीत माणसं असणारच ना? हे तपासलं नाहीत कधी?"

"माझ्या खोलीत येणारं कुणी नव्हतंच," तो हळूच म्हणाला.

ती मागे सरकली. लिहावं तर त्याचं काम बुडणार, न लिहावं तर ते खोटं.

"मला खरं लिहावं लागेल."

"लिहा. खोट्याने चिप सुधारली असती, तर मीच लिहिलं असतं."

तिने लिहिलं: बाजार मोठा आहे, माल अजून कच्चा आहे, धीर धरा. गुंतवणूकदारांना कसला धीर! त्यांनी हात काढून घेतला. त्याच्या कंपनीने त्याला ती खोली तेवढी ठेवू दिली, तीही वर्षापुरती.

बरेच दिवस ती फिरकली नाही. कुठल्या तोंडाने जाणार? शेवटी स्वेटर परत करायचं निमित्त काढून गेली. पाहते तर दार सताड उघडं, स्टूल लावून अडवलेलं.

"हे काय?"

"चिपला माणसांची सवय लावतोय."

"आणि तुम्हाला?"

"मला लागली... म्हणून तर वाट बघत होतो."

तिने स्वेटर परत दिलाच नाही. दाराचं स्टूल ओढलं, त्याच्याशेजारी बसली आणि त्याच्या बोटांत आपली बोटं गुंफली. स्क्रीनवरचा आकडा लगेच चुकला. या वेळी मात्र त्याने कपाळावर हात मारला नाही.